संडे तिकिटाने किती घरांवरची डिश बदलली?

महागडं क्रीडा पॅकेज दिलं की सॅटेलाइट टीव्हीचे ग्राहक एक कंपनी सोडून दुसरीकडे जातात का? हा प्रश्न तपासायला अमेरिकेतल्या डायरेक्टीव्ही आणि 'संडे तिकीट' यांच्या प्रकरणाइतकं स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण आहे. त्या देशात मोठ्या सॅटेलाइट कंपन्या दोनच, डायरेक्टीव्ही आणि डिश नेटवर्क. बातम्या, मालिका, चित्रपट, मुलांच्या वाहिन्या हे सगळं दोघींकडे जवळपास सारखंच. ठळक फरक एकच होता. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं संडे तिकीट, म्हणजे रविवारच्या सामन्यांचं पॅकेज, १९९४ पासून २०२२च्या हंगामापर्यंत डायरेक्टीव्हीकडे होतं आणि डिश नेटवर्ककडे ते कधीच गेलं नाही.

माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. पॅकेजने माणसं हलवली हे खरं, पण ती एका ठरावीक प्रकारची आणि मोजकीच होती. आलेल्या माणसाला धरून ठेवण्याचं काम पॅकेजपेक्षा दोन वर्षांच्या कराराने जास्त केलं. आणि ज्या भावाला पॅकेज परवडत होतं, त्याच्या कितीतरी पुढे जाऊन कंपनी ते विकत घेत राहिली.

हे तिकीट कुणाला हवं होतं

एनएफएलचे रविवार दुपारचे सामने सीबीएस आणि फॉक्स या वाहिन्यांवर दिसतात. एकाच वेळी अनेक शहरांत सामने चालू असतात, पण तुमच्या भागातलं स्थानिक केंद्र त्यातले दोन-तीनच दाखवतं आणि त्यात तुमच्या भागातल्या संघाला पहिला मान. हे सामने साध्या अँटेनावर फुकट दिसतात. उरलेले, म्हणजे तुमच्या भागात न दाखवले जाणारे सामने संडे तिकीट दाखवतं. स्थानिक केंद्रावर चालू असलेला सामना तिकिटात बंद असतो.

इथेच पहिली चाळणी लागते. फिनिक्सचा माणूस फिनिक्सच्या संघाचा चाहता असेल, तर त्याला या तिकिटाचा काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो क्लीव्हलंडमध्ये वाढून नोकरीसाठी फिनिक्सला आलेल्या आणि अजून क्लीव्हलंडच्याच संघात जीव अडकलेल्या माणसाला. त्यातही एक गंमतीची गोष्ट आहे. संघ जितका लोकप्रिय, तितके त्याचे जास्त सामने रविवार रात्री किंवा सोमवार रात्री देशभर दाखवले जातात. म्हणजे डॅलस काउबॉइजच्या परगावच्या चाहत्याला बरेच सामने तसेही दिसतात. खरी उपासमार होते ती मधल्या-खालच्या संघांच्या दूर राहणाऱ्या चाहत्यांची. समजा हंगामातले दहा सामने फक्त तिकिटावरच दिसतात आणि तिकिटाचा छापील भाव २९४ डॉलर आहे, तर एक सामना पडला २९ डॉलरला. हे ज्याला स्वस्त वाटतं, तो छतावरची डिश बदलायला तयार होतो. बाकीच्यांना जाहिरात आवडते, पण ते जागचे हलत नाहीत.

दुसरा गट फँटसी फुटबॉल खेळणाऱ्यांचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवणाऱ्यांचा. यांचा जीव एका संघात नसतो, दहा संघांतल्या खेळाडूंवर विखुरलेला असतो, म्हणून त्यांना सगळे सामने हवेत. त्यांच्यासाठी डायरेक्टीव्हीने २००५ मध्ये रेड झोन वाहिनी सुरू केली. जिथे गुण होण्याची शक्यता, तिथे ती वाहिनी उडी मारते. पण २००९ मध्ये लीगने स्वतःचं एनएफएल रेडझोन काढलं आणि ते इतर कंपन्यांनाही दिलं. त्या दिवसापासून या गटापुरती डायरेक्टीव्हीची मक्तेदारी पातळ झाली. पॅकेजचं आकर्षण मोजताना हे नेहमी विसरलं जातं. प्रश्न 'पॅकेज किती चांगलं' एवढाच नसतो, 'शेजारी त्याच्याजवळ जाणारं काय मिळतं' हाही असतो.

मक्तेदारीचा भाव

२००२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने दोन्ही सॅटेलाइट कंपन्यांचं एकत्रीकरण नाकारलं. दोघी प्रतिस्पर्धी म्हणूनच उरल्या. दोन महिन्यांत डायरेक्टीव्हीने संडे तिकिटाचा एकाधिकार वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर देऊन पक्का केला. २००४ मध्ये, कंपनी रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पच्या ताब्यात असताना, नवा करार झाला आणि भाव वर्षाला ७० कोटींवर गेला. २००९च्या करारात तो १ अब्ज झाला आणि २०१४ मध्ये सरासरी दीड अब्ज डॉलर, तोही आठ वर्षांसाठी. त्याच वर्षी एटी अँड टी ही दूरसंचार कंपनी ४८.५ अब्ज डॉलरला डायरेक्टीव्ही विकत घ्यायला निघाली होती. संडे तिकिटाचं नूतनीकरण झालं नाही तर व्यवहारातून बाहेर पडायचा हक्क तिने राखून ठेवला होता. एका पॅकेजवर एवढ्या मोठ्या कंपनीचा सौदा टांगलेला होता, यावरून कारभाऱ्यांचा त्यावर किती विश्वास होता ते कळतं.

बारा वर्षांत खरेदीचा भाव जवळपास चौपट झाला. पॅकेज घेणारी घरं मात्र सुमारे २० लाखांच्या आसपासच राहिली आणि डायरेक्टीव्हीचे एकूण अमेरिकी ग्राहक २ कोटींच्या घरात होते. दहातला एक. ज्या खेळाचे सामने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० प्रक्षेपणांपैकी ९३ होते, त्या खेळाचं हे पॅकेज. एवढ्या लोकप्रियतेचा अर्थ एवढाच की लोकांना फुटबॉल फुकट आणि भरपूर मिळत होता. खेळाची लोकप्रियता आणि पॅकेजची ओढ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सगळी गफलत इथेच होते.

छापील भाव आणि खरा भाव

या प्रकरणातला सर्वात बोलका आकडा कंपनीच्या अहवालात मिळाला नाही, तो कोर्टात मिळाला. संडे तिकिटाच्या ग्राहकांनी एनएफएलवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला होता. जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने ग्राहकांच्या बाजूने सुमारे ४.७ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. ऑगस्टमध्ये न्यायाधीश फिलिप गुटिएरेझ यांनी तो निकाल फिरवला. ग्राहकांच्या तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य धरण्याजोगी नव्हती, असं त्यांचं म्हणणं. ज्युरीने भरपाई कशी काढली हेही त्यांनी उलगडून दाखवलं. २९४ डॉलरच्या छापील भावातून १०२.७४ डॉलर वजा करून उरलेली रक्कम ज्युरीने जास्तीची वसुली मानली होती.

हे १०२.७४ डॉलर म्हणजे घरगुती ग्राहकांनी प्रत्यक्षात सरासरी भरलेली रक्कम. ज्युरीचं गणित उलटं होतं हे बाजूला ठेवू. आपल्या प्रश्नासाठी हा आकडा सोन्याचा आहे. छापील भावाच्या साधारण एक तृतीयांश! हे घडण्याचा मार्ग एकच, असंख्य घरांना तिकीट फुकट किंवा नाममात्र भावात मिळालं असलं पाहिजे. तसंच झालं होतं. २०११ पासून नव्या ग्राहकाला पहिल्या हंगामाचं तिकीट मोफत देण्याची योजना कंपनी राबवत होती. जुने ग्राहकही सोडून जाण्याची भाषा करून सवलत पदरात पाडून घेत.

म्हणजे संडे तिकीट हा विक्रीचा माल कमी आणि नवा ग्राहक आणण्याचा खर्च जास्त होता. डायरेक्टीव्हीला त्या काळात एक नवा ग्राहक जोडायला, डिश, बॉक्स, बसवणी, जाहिरात आणि सवलत धरून, ८०० डॉलरच्या आसपास खर्च यायचा. तिकीट हा त्याच थैलीतला आणखी एक खर्च.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू. वर्षाला दीड अब्ज डॉलर खर्च. २० लाख घरं गुणिले १०२.७४, म्हणजे वसुली जेमतेम २० कोटी डॉलर. खड्डा १.३ अब्जांचा. तो भरून काढायचा तर तिकिटामुळेच आलेल्या किंवा थांबलेल्या ग्राहकांच्या मासिक बिलातून. बिल दरमहा शंभर डॉलरच्या आसपास, वर्षाचे १,२०० डॉलर. त्यातला निम्म्याहून अधिक वाहिन्यांना आणि सेवेवर जातो. ग्राहकामागे वर्षाला ५०० डॉलर हाती राहतात असं गृहीत धरू. हे माझं गृहीतक आहे आणि मी ते मुद्दाम कंपनीच्या बाजूने उदार ठेवलं आहे. तरीही खड्डा भरायला केवळ तिकिटासाठी थांबलेली २६ लाख घरं लागतात. तिकीट घेणारी घरंच २० लाख. त्यातलं प्रत्येक घर तिकीट नसतं तर त्याच दिवशी निघून गेलं असतं असं धरलं, तरी हिशेब बसत नाही.

जुन्या भावांना हाच हिशेब लावला तर चित्र वेगळं दिसतं. ४० कोटींचा करार शहाणपणाचा होता. ७० कोटींचाही पटण्यासारखा. एक अब्जाचा काठावरचा. दीड अब्जाचा करार करताना समोर एटी अँड टीचा सौदा उभा होता आणि तिथे ग्राहकांच्या वागणुकीपेक्षा व्यवहार तडीस नेण्याची निकड बोलत होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२१ मध्ये हे कागदावरच आलं. एटी अँड टीने डायरेक्टीव्ही वेगळी काढली, ३० टक्के हिस्सा टीपीजी या गुंतवणूक कंपनीला दिला आणि कंपनीचं मूल्य १६.२५ अब्ज डॉलर धरलं गेलं. त्या करारात एटी अँड टीने संडे तिकिटावरचा निव्वळ तोटा २.५ अब्ज डॉलरपर्यंत स्वतः सोसायचं मान्य केलं. तेव्हा कराराचे दोनच हंगाम उरले होते. दोन हंगामांचा खर्च तीन अब्ज. खरेदीदाराला त्यातून काय वसूल होईल असं वाटत होतं, ते या एका कलमात वाचता येतं.

दाराला लावलेली कडी

फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरला सुरू होऊन जानेवारीत साधारण आटोपतो. ज्याने केवळ तिकिटासाठी कंपनी बदलली, त्याला फेब्रुवारीत थांबण्याचं कारण उरत नाही. म्हणून २४ महिन्यांचा करार. मध्येच सोडलं तर उरलेल्या प्रत्येक महिन्यामागे २० डॉलर दंड. सप्टेंबरमध्ये आलेला ग्राहक फेब्रुवारीच्या अखेरीला निघाला, तर अठरा महिन्यांचे ३६० डॉलर. दुसऱ्या हंगामाला तिकीट पूर्ण भावाने लागू होई, आणि बेसावध ग्राहकाच्या बिलात ते आपोआप चढे. बाहेरून पाहणाऱ्याला हा ग्राहक तिकिटाच्या ओढीने टिकून राहिलेला दिसतो. प्रत्यक्षात तो कधी दंड टाळत असतो, तर कधी नवा माणूस येऊन छतावर चढणार या कटकटीला कंटाळलेला असतो.

उलट दिशेचीही अडचण होती. यायची इच्छा असून येता न येणारे पुष्कळ होते. डायरेक्टीव्हीचे उपग्रह अमेरिकेतून पाहिलं तर दक्षिण आकाशात. अपार्टमेंटची गॅलरी उत्तरेला असेल किंवा समोर उंच झाडी असेल तर सिग्नल मिळत नाही. भाडेकरूला स्वतःच्या गॅलरीत एक मीटरपर्यंतची डिश लावू द्यावी, असा नियम दळणवळण आयोगाने १९९९ पासून केला आहे. पण नियमाने गॅलरीची दिशा फिरत नाही. दूरच्या शहरात भाड्याने राहणारा तरुण, म्हणजे तिकिटाचं नैसर्गिक गिऱ्हाईक, नेमका याच कचाट्यात सापडायचा. पुढे अशा पत्त्यांना आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून तिकीट मिळू लागलं. पण ते फार उशिरा आणि हात आखडता ठेवून.

हा हात आखडता का, हेही खटल्यात दिसलं. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने सुचवलेल्या एका प्रस्तावात हंगामाला ७० डॉलर भाव होता आणि एकाच संघाचे सामने घेण्याची सोयही होती. लीगने तो स्वीकारला नाही. सीबीएस आणि फॉक्स लीगला अब्जावधी देतात ते स्थानिक केंद्रावर गर्दी व्हावी म्हणून. तिकीट स्वस्त आणि सर्वत्र झालं तर ती गर्दी पांगते. म्हणजे पॅकेज महाग आणि थोड्याच घरांत राहावं, यातच विकणाऱ्याचं हित होतं. आपल्या गावच्या एका संघासाठी लोकांना सगळ्या लीगचे पैसे मोजायला लावले गेले, हे मला अन्यायाचं वाटतं. न्यायालयाने निकाल फिरवला म्हणून ते न्याय्य होत नाही.

ज्यांनी खेळ सोडून दिला त्यांचं काय झालं

पॅकेजच्या ताकदीची खरी परीक्षा ते काढून घेतल्यावर होते. डिश नेटवर्कने ती स्वतःवर घेतली. जुलै २०१९ मध्ये फॉक्स नावाने चालणाऱ्या प्रादेशिक क्रीडा वाहिन्या डिशवरून गेल्या आणि परत आल्या नाहीत. या वाहिन्यांवर स्थानिक बेसबॉल, बास्केटबॉल आणि हॉकी संघांचे हंगामभराचे सामने असत. यात फुकटचा पर्याय नव्हता, म्हणजे फटका फुटबॉलपेक्षा थेट बसायला हवा होता.

डिशचे सॅटेलाइट ग्राहक २०१८च्या शेवटी सुमारे ९९ लाख होते, २०१९च्या शेवटी ९४ लाख आणि २०२०च्या शेवटी ८८ लाख. वर्षाला पाच-सहा टक्के घट. त्याआधीच्या २०१८ या एका वर्षात मात्र डिशने ११ लाख ग्राहक गमावले होते. त्या वर्षी तिच्याकडून युनिव्हिजन ही स्पॅनिश वाहिनी आणि वर्षअखेरीस एचबीओ गेली होती. खेळ गेल्याच्या वर्षांपेक्षा स्पॅनिश बातम्या-मालिका गेल्याचं वर्ष वाईट ठरलं.

आता समोरची बाजू. एटी अँड टीकडे संडे तिकीट होतं, प्रादेशिक वाहिन्याही होत्या. तरी डायरेक्टीव्ही आणि केबलसारखी सेवा यूव्हर्स मिळून तिचे ग्राहक २०१८च्या शेवटी २ कोटी २९ लाख होते, ते वर्षभरात १ कोटी ९५ लाखांवर आले आणि २०२०च्या शेवटी १ कोटी ६५ लाखांवर. वर्षाला सुमारे पंधरा टक्के गळती. जिच्याकडे खेळ, तिची गळती अडीच-तीन पट!

याचा अर्थ खेळामुळे ग्राहक पळाले असा नाही. डिशचे ग्राहक ग्रामीण भागात जास्त, तिथे जलद इंटरनेट कमी, म्हणून पर्यायही कमी. एटी अँड टीने त्याच काळात जुन्या सवलती आवळल्या आणि दर चढवले. पण दोन गोष्टी इथे पक्क्या कळतात. बिल वाढलं की दहातल्या नऊ घरांना खेळाचं पॅकेज थांबवू शकत नाही, कारण ती घरं ते घेतच नाहीत. आणि खेळाचा वाढता खर्च सगळ्यांच्याच बिलात थोडाथोडा शिरतो, त्यामुळे दहाव्यासाठी केलेला खर्च उरलेल्या नवांना दाराकडे ढकलतो.

मक्तेदारी नसेल तर ओढ किती उरते, याचंही उत्तर आहे. २००७ मध्ये बेसबॉलचं 'एक्स्ट्रा इनिंग्ज' पॅकेज एकट्या डायरेक्टीव्हीला देण्याचं ठरत आलं होतं. सिनेटर जॉन केरी यांच्यासह अनेकांनी आवाज उठवला आणि केबल कंपन्यांनाही ते मिळालं. त्यानंतर त्या पॅकेजसाठी केबल सोडून डिश बसवण्याचं काही कारणच उरलं नाही.

तिकीट गेलं तेव्हा

डिसेंबर २०२२ मध्ये एनएफएलने संडे तिकीट गूगलच्या यूट्यूबला दिलं. सात वर्षं, वर्षाला सुमारे २ अब्ज डॉलर. २०२३च्या हंगामाचा छापील भाव यूट्यूब टीव्हीच्या ग्राहकाला ३४९ आणि नुसतं तिकीट घेणाऱ्याला ४४९ डॉलर. छत, दक्षिण आकाश, दोन वर्षांचा करार, दंड, काहीच नाही. येणं सोपं झालं तसं जाणंही. सप्टेंबरमध्ये घ्यावं आणि हंगाम संपला की मूळ सेवा बंद करावी, हे आता बसल्या जागी करता येतं. म्हणून यापुढे 'पॅकेजमुळे कंपनी बदलली का' हे विचारताना फेब्रुवारीत तो ग्राहक कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये.

सप्टेंबर २०२४ मध्ये ईएसपीएनची मालक असलेल्या डिस्नीशी वाद होऊन ही वाहिनी डायरेक्टीव्हीवरून सुमारे दोन आठवडे गायब झाली, ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. एक कोटी दहा लाखांवर ग्राहकांना झळ बसली. वाद मिटल्यावर डायरेक्टीव्हीने जानेवारी २०२५ मध्ये फक्त खेळाच्या वाहिन्यांचं मायस्पोर्ट्स हे पॅकेज दरमहा ६९.९९ डॉलरला आणलं. तीस वर्षं सगळ्यांच्या बिलात मिसळलेला खेळाचा खर्च ज्याचा त्याच्याकडून घ्यायची ही सुरुवात. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

एका जागी मात्र डायरेक्टीव्हीने संडे तिकीट सोडलं नाही. ती जागा म्हणजे स्पोर्ट्स बार आणि रेस्टॉरंट. घराचे हक्क यूट्यूबकडे गेले, पण व्यावसायिक जागांचे हक्क २०२३ मध्ये एव्हरपास या कंपनीकडे आले आणि तिच्यामार्फत बारमध्ये तिकीट पोहोचवण्याचं काम डायरेक्टीव्हीने चालू ठेवलं. बारमालक तिकिटासाठी घरापेक्षा कितीतरी पट पैसे मोजतो आणि जागा जितकी मोठी तितका भाव चढत जातो. रविवारी दुपारी भिंतीवरच्या आठ पडद्यांवर आठ सामने नसतील तर त्याची टेबलं रिकामी राहतात, आणि एकच सामना अडखळत आला तरी गिऱ्हाईक उठून शेजारच्या बारमध्ये जातं. कोर्टातल्या दाव्यात अशा ४८ हजारांच्या आसपास जागा होत्या. ज्याच्याकडे तिकीट, त्याची डिश, असं डोळे मिटून सांगता येईल असा ग्राहक या सगळ्या प्रकरणात हाच.